कल्याणला एक बिशप होता

कल्याणला एक बिशप होता. त्याच्याविषयी एवढं एकच वाक्य जगात शिल्लक आहे.

त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. त्याची वेदी खाडीच्या काठावर होती की गावाच्या आत, दगडी होती की लाकडी, तिच्यापुढे किती माणसं गुडघे टेकत होती, शेवटी त्याला कुठल्या मातीत ठेवलं, कशाचाच माग लागत नाही. इसवी सन 550 च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मास नावाच्या व्यापाऱ्याने, उभं आयुष्य दर्यावर काढून मठात बसल्यावर, ग्रीकमध्ये एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी सपाट आहे आणि आकाश तिच्यावर पेटीच्या झाकणासारखं बसवलेलं आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. ते सगळं खोटं ठरलं. पण जाता जाता त्याने बंदरांची, मालाची आणि ख्रिस्ती वस्त्यांची जी नोंद केली, ती राहिली. सिंहलद्वीपात ख्रिस्ती लोक आहेत, मिरी पिकते त्या मलबारात आहेत, आणि कल्लियाना नावाच्या ठिकाणी एक बिशप आहे, त्याची नेमणूक इराणातून होते, असं तो सांगतो आणि पुढे जातो.

बायझंटाइन साम्राज्य तेव्हा ऐन भरात होतं. कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर जस्टिनियन होता आणि हागिया सोफियाचा घुमट पुरा होऊन थोडीच वर्षं लोटली होती. त्या जगातल्या माणसाला आपलं कल्याण ठाऊक होतं. तिथून तांबं-पितळ जातं, शिसवीचे ओंडके जातात, अंगावर ल्यायचं कापड जातं, हे त्याला माहीत होतं. हे कल्लियाना म्हणजे उडुपीजवळचं कल्याणपूर असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. कॉस्मासची यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते. आधी सिंध, मग सौराष्ट्र, मग कल्लियाना, त्यानंतर सिबोर आणि शेवटी मलबार. सिबोर म्हणजे आपलं चौल, असं बहुतेक सगळे मानतात. चौलच्या उत्तरेला, सौराष्ट्राच्या खाली, शिसवीच्या जंगलांना लागून असलेलं कल्याण एकच आहे. उल्हास नदीच्या काठचं. ज्याच्या नावाची गाडी पकडायला आपण रोज धावतो, ते.

त्याच्याही पाचशे वर्षं आधी, रोमन साम्राज्याच्या काळात, एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या प्रवासवहीत कल्याण येतं. जुन्या सातकर्णी राजाच्या अमदानीत हे रीतसर बंदर होतं, पण आता सत्ता बदलली आहे, व्यापाराला अटकाव आहे आणि चुकून इथे लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो बजावतो. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या भांडणात एक भरभराटीचं बंदर कसं आवळलं गेलं, ते त्या दोन ओळींत दिसतं. पैठणचा माल जुन्नरला यायचा, नाणेघाट उतरायचा आणि कल्याणला गलबतावर चढायचा. घाटाच्या तोंडाशी ठेवलेला तो मोठा दगडी रांजण ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. जकात त्यात पडे असं सांगतात. त्या वाटेचं दुसरं टोक कल्याण होतं, हे मात्र खाली उतरेपर्यंत आपण विसरलेले असतो.

आम्हां बोरिवलीकरांना ते जुनं कल्याण भेटतं कान्हेरीत. पावसाळ्यात जावं. शंभराहून अधिक लेणी आहेत, पण त्या दिवसांत नजर लेण्यांवर ठरत नाही, पाण्यावर ठरते. डोंगराच्या अंगावर खोदलेल्या बोटभर रुंदीच्या पन्हाळ्यांतून पाणी उतरतं, एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीकडे वळतं आणि प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेल्या टाक्यात जाऊन पडतं. टाकं तुडुंब भरलं की काठाशी पाणी थरथरतं आणि मग आपल्या वाटेने पुढच्या टाक्याकडे निघतं. अशाच एका टाक्याशी ब्राह्मी अक्षरांत कोरलं आहे, की हे पाण्याचं टाकं कल्याणचा सोनार सामिदत याने संघासह दिलेलं दान. दुसऱ्या एका लेखात कल्याणचा लोहार नंद आहे. त्याने डोंगरावर वाट करून दिली. एका सोनाराने पाणी दिलं, एका लोहाराने वाट दिली, आणि अठराशे वर्षांनी शाळेची सहल त्याच डोंगरावर धापा टाकत चढते. सामिदतने ती अक्षरं कोरून घेताना मोल मोजलं असेल, कारागिराशी घासाघीस केली असेल, शेवटी समाधानाने एकदा हात फिरवला असेल. मीही हात फिरवला आहे. दगड गार असतो आणि अक्षरांच्या कडा अजून बोटाला लागतात.

कान्हेरीचेच लेख सांगतात, की कल्याणात अंबालिका नावाचा विहार होता. तो कुठे गेला? बिशपाची वेदी गेली तिथेच. मी इथे फक्त ख्रिस्ती वेदीसाठी रडत नाही. कल्याणातली बुद्धाची ओसरीही तशीच गेली. डोंगरात जे दान दिलं ते राहिलं आणि गावात जे बांधलं ते मातीला मिळालं.

कान्हेरीच्या 90 नंबरच्या लेण्यात भिंतीवर पहलवी लिपीत नावं कोरलेली आहेत. अकराव्या शतकात, 1009 आणि 1021 साली, पारशी मंडळी डोंगर चढून आली, लेणी पाहिली आणि आपली नावं मागे ठेवून गेली. पहलवी ही इराणची लिपी. इराणी ख्रिस्ती लोकांच्या क्रुसांवरही तीच असते. असे क्रूस केरळात आहेत, चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आहे, आणि 2001 साली गोव्यात आगशीला एक सापडला. म्हणजे आपल्या बिशपाची माणसं पश्चिम किनाऱ्यावर वर-खाली नांदत होती. कल्याणच्या मातीतून मात्र असा एकही दगड आजवर वर आलेला नाही.

तो बिशप इराणातून येत होता म्हणजे नेमकं काय होत होतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. आजच्या बगदादजवळ सेल्युकिया-टेसिफोन नावाचं जोडशहर होतं, पूर्वेकडच्या चर्चची गादी तिथे होती. इराणी सम्राट अग्निपूजक आणि त्याचा हाडवैरी रोमचा सम्राट ख्रिस्ती. म्हणून इराणातल्या ख्रिस्ती लोकांवर कायम संशयाची नजर. तसल्या दिवसांत कुणा एका माणसाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला सांगितलं गेलं, की तू समुद्रापलीकडच्या कल्याणला जा. मोसमी वाऱ्यांवर गलबत हाकारायचं, उल्हास खाडीत शिरायचं, दोन्ही बाजूंना तिवरांचं रान बघत वर यायचं, आणि मग ज्या गावात आपली प्रार्थनेची भाषा कुणाच्या घरी बोलली जात नाही तिथे जन्म काढायचा. लोक बहुधा इराणी व्यापारी असतील, त्यांच्या इथे केलेल्या बायका असतील, इथेच जन्मलेली मुलं असतील. ती मुलं अंगणात महाराष्ट्री प्राकृत बोलत असतील आणि वेदीपुढे सिरियाक. बिशपाला त्या मुलांच्या तोंडून इथली भाषा शिकावी लागली असेल. हे सारं माझं मनाचं आहे, कॉस्मासने यातलं काही सांगितलेलं नाही. पण परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांची घरं पाहिली, की ते घर मला दिसतं.

मग शंभर वर्षांनी एक पत्र निघालं. सातव्या शतकाच्या मध्यावर पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख ईशोयाब तिसरा याने फार्सच्या किनाऱ्यावरच्या रेव-अर्दशीरच्या धर्मप्रमुखाला खडसावलं, की तुझ्या अडेलपणापायी हिंदुस्थानातल्या लोकांना बिशप मिळेनासे झाले. कोणत्या गावाची गादी रिकामी पडली, ते त्या पत्रात नाही. पण तिकडे इराणचं साम्राज्य अरबांपुढे कोसळत होतं, वरिष्ठांचं आपसांत जुळत नव्हतं, आणि इथे कल्याणसारख्या गावात कुणी तरी प्रत्येक मोसमाला खाडीकडे डोळे लावून बसत असेल. गलबत येई. त्यातून खजूर उतरे, घोडे उतरत, बिशप उतरत नसे. किती मोसम वाट पाहिल्यावर माणूस वाट पाहणं सोडतो? म्हाताऱ्या धर्मगुरूने शेवटच्या पोराला पाणी शिंपडलं असेल तो दिवस कुठल्याच वहीत नाही.

यानंतर पडदा पडतो तो थेट 1321 साली ठाण्यात उघडतो. एप्रिलचा महिना. चार फ्रान्सिस्कन साधू चीनकडे निघालेले, वाऱ्याने ठाण्याला लागले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री. ते एका ख्रिस्ती घरात उतरले. त्यानंतर लवकरच आलेला प्रवासी ओदोरिक लिहितो, की ठाण्यात पूर्वेकडच्या चर्चची, म्हणजे नेस्तोरियन लोकांची पंधरा घरं होती. पंधरा घरं! जिथे कधीकाळी बिशपाची गादी होती त्या मुलखात पंधरा चुली राहिल्या होत्या.

आणि त्यांतल्या एका घराचं दार ओदोरिक आपल्याला उघडून दाखवतो. त्या संध्याकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने तिला बेदम मारलं. ती उठली आणि तडक काझीकडे गेली. साक्षीला कोण, असं काझीने विचारलं. तिने सांगितलं, आमच्या घरी उतरलेल्या चार फरंगी रब्बानांनी सगळं पाहिलं आहे. साधूंना बोलावणं गेलं, बोलता बोलता धर्माचा वाद निघाला आणि शेवट चौघांच्या मरणात झाला. त्यांचा सोबती जोर्दानुस याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. पुढे ओदोरिकने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. युरोपातल्या ग्रंथांनी चौघा हुतात्म्यांची नावं जपली, जोर्दानुसला पुढे कोल्लमचा बिशप केलं, सगळं नीट लिहून ठेवलं. त्या बाईचं नाव नाही. कल्याणच्या बिशपाच्या लेकरांपैकी इतिहासात जिचा आवाज ऐकू येतो अशी ती एकटीच, आणि ती उभी आहे मार खाल्लेल्या अंगाने, न्याय मागत. पुढे तिचं काय झालं, नवऱ्याने तिला घरात घेतलं का, शेजारच्या चौदा घरांनी तिला दोष दिला का? मला चौघा साधूंपेक्षा तिची काळजी जास्त वाटते.

दोनशे वर्षांनी, 1534 साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली तोवर त्या पंधरा घरांचाही मागमूस उरला नव्हता. पोर्तुगीजांनी नव्याने सुरुवात केली, आणि त्यांचे अवशेष आमच्या उपनगरांत जागोजागी आहेत. मंडपेश्वरला शैव लेण्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांच्या मठाच्या उघड्या भिंती उभ्या आहेत. खाली नटराज आहे, बाहेर कातळावर मोठा क्रूस कोरलेला आहे, शिवलिंगाची पूजा चालू आहे आणि शेजारच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळतात. अंधेरीला सीप्झच्या कुंपणाआड 1579 साली बांधलेलं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे. 1840 च्या साथीनंतर गाव ते सोडून मरोळला गेलं. 1973 साली तिथे निर्यात क्षेत्र आलं, आणि आता भाविकांना वर्षातून एकदा परवानगी घेऊन आपल्या पूर्वजांच्या वेदीशी जाता येतं. छप्पर नाही, कमानींतून झाडं उगवली आहेत, भोवती काचेच्या इमारती. तरी ते आहे. हात लावता येतो.

एक उरतं आणि दुसरं नाहीसं होतं, हे असं का होतं ते मला अल्जीरियातल्या तिमगादचे फोटो पाहताना समजलं. सम्राट ट्राजानने इसवी सन 100 मध्ये वसवलेलं ते रोमन शहर. पुढे तिथे बिशप होते, मोठमोठी चर्चं होती, बायझंटाइनांनी शेजारी किल्लाही बांधला. मग माणसं निघून गेली आणि वाळूने सगळं झाकलं. आज तिथले रस्ते तुळतुळीत, एकमेकांना काटकोनात छेदणारे, खांब ओळीने उभे, ग्रंथालयाची जागासुद्धा दाखवता येते. रोमचं कॅथलिक चर्च अजूनही त्या मेलेल्या शहराच्या नावाने बिशपाची पदवी देतं. तिमगाद उरलं, कारण ते ओस पडलं. मंडपेश्वरचा मठ उरला, सीप्झमधलं चर्च उरलं, तेही माणसं उठून गेली म्हणून. कल्याणवरून माणसं कधीच उठली नाहीत. सातवाहन गेले, शिलाहार आले, सुलतान आले, 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्याच खाडीवर मराठ्यांची गलबतं बांधायला सुरुवात झाली. 1854 साली रेल्वे आली आणि घाटावरच्या वाटा पुन्हा कल्याणात येऊन मिळाल्या. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचा दगड उचलला आणि आपल्या जोत्याला लावला. विहाराचा चिरा किल्ल्यात गेला असेल, वेदीचा चिरा एखाद्या वाड्याच्या उंबऱ्याखाली असेल, आणि त्या उंबऱ्यावर कुणी तरी आजही रांगोळी काढत असेल. यात कुणाचं पाप नाही. नांदत्या गावाला स्वतःचं स्मारक व्हायला उसंत मिळत नाही. पण म्हणून दुःख कमी होत नाही. ओस पडलेल्या शहरांना रडायला जगभरातून माणसं जातात. जे शहर जगत राहिलं, त्याच्या हरवलेल्यांसाठी कुणी रडत नाही.

आणि एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1988 साली कल्याणला पुन्हा धर्मप्रांत झाला. केरळातून नोकरीधंद्यासाठी महाराष्ट्रात आलेल्या सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांचा. कल्याणला त्यांचं सेंट थॉमस कॅथेड्रल आहे आणि बिशपाचं घर आमच्याच उपनगरांत, पवईला. या चर्चचं मूळ त्याच पूर्व सिरियाक परंपरेत आहे, ज्या परंपरेतून कॉस्मासच्या काळी कल्याणला बिशप येत होता. अद्दाई आणि मारी या नावाने ओळखली जाणारी अर्पणाची प्रार्थना, आजही वापरात असलेल्या सगळ्यांत जुन्या ख्रिस्ती प्रार्थनांपैकी एक, त्यांच्यात अजून म्हणतात, आता मलयाळममधून. तो इराणी बिशप याच प्रार्थनेशी वाढलेला असणार. चौदाशे वर्षांनी ती त्याच खाडीच्या मुलखात परत आली, गलबतातून नव्हे, केरळच्या गाड्यांमधून, परिचारिकांच्या, टंकलेखकांच्या, कारखान्यात काम करणाऱ्यांच्या तोंडून. रविवारी पवईवरून जाताना मला हे आठवतं आणि बरं वाटतं. पण ही माणसं ती नव्हेत. ठाण्याच्या त्या पंधरा घरांपासून आजपर्यंत येणारा धागा तुटला तो तुटलाच. प्रार्थना परत आली, म्हणणारे परत आले नाहीत.

कल्याणच्या महागुरुस्वामी, तुम्हाला हाक मारायला माझ्याजवळ नाव नाही. मी तुमच्या धर्माचा नाही. पण मी तुमच्या खाडीचा आहे, तुम्ही पाहिला असेल तो पाऊस मी पाहतो, तुमच्या सोनाराच्या टाक्यातलं पाणी माझ्या हाताला लागलं आहे. तुम्हाला इथल्या भाजीत मिरची मिळाली नसेल, ती अजून यायची होती. पण तांदूळ हाच असेल, बोंबील हाच असेल, भरतीच्या वेळी खाडीला येणारा खारट वास हाच असेल. तुम्ही इथे मेलात की परत गेलात, कुणी सांगावं. मेला असाल, तर या मातीत आहात, आणि या मातीवर लाखो लोक रोज उठतात, पाणी भरतात, गाडी पकडतात. परक्या गावी आलेल्या माणसाला त्या गावाने आपल्यात इतकं मिसळून घ्यावं की त्याची कबरसुद्धा वेगळी काढता येऊ नये, हे प्रेम आहे की विसर, याचा उलगडा मला होत नाही.

कल्याणचं जुनं गावठाण आता झपाट्याने पडतं आहे. पारनाका, दुधनाका, सुभेदार वाड्याच्या आसपासची गल्ली, जिथे जिथे जुने वाडे उतरवून इमारती उठत आहेत, तिथे पाया आठ-दहा फूट खाली जातो. एवढ्या खोल त्या मातीत शेकडो वर्षांत कुणी गेलेलं नाही, आणि एकदा काँक्रीट भरलं की पुन्हा कुणी जाणार नाही. म्हणून वाडा विकणाऱ्या मालकांना, बिल्डरांना, मुकादमांना आणि खड्ड्यात उतरून प्रत्यक्ष पहार चालवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. कोरीव दगड लागला, न ओळखीची अक्षरं दिसली, जाड बुडाच्या उभट रांजणाची खापरं निघाली, तर तो माल डंपरमध्ये भरू नका. एक दिवस काम थांबवा, फोटो काढा, जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. मातीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्यानेही बंधनकारक आहे.